आणखी थोडा रस्सा

माझ्या बायकोने परक्या माणसाकडे दुसऱ्यांदा रस्सा मागितला आणि माझ्या सुट्टीची तिथेच वाट लागली.

तसं बघायला गेलं तर यात काय एवढं? समुद्राकाठचं गाव, दुपारची वेळ, प्रवासाने खवळलेली भूक. लोक सुट्टीला जातात ते खायलाच. पण मी साधं गिऱ्हाईक नाही, मी आचारी आहे. आमच्या शहरात बाजारपेठेच्या तोंडाशी माझी स्वतःची खानावळ आहे, आणि माझ्या रश्श्यासाठी कोर्टातले वकील पक्षकारांना ताटकळत ठेवून माझ्या दारात उभे राहतात. अशा माणसाची ही बायको. लग्नाला इतकी वर्षं झाली, मुलगी सासरी नांदायला गेली, पण "आणखी वाढा" असं मी हिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. इथे तिने चक्क वाटी उचलून पुढे केली, आणि ती भरून आल्यावर डोळे मिटून पहिला भुरका मारला. ते मिटलेले डोळे बघून माझ्या पोटात जे दुखायला लागलं, त्याचा मासळीशी काही संबंध नव्हता.

सुट्टीची कल्पना मुलीची. खानावळीची फरशी उखडून नवी घालायची होती आणि आठवडाभर चूल पेटवायची नाही असं गवंड्याने बजावलं होतं. ते कळताच मुलीने परस्पर तिकिटं काढली. एकदा तरी दुसऱ्याच्या हातचं खाऊन बघा बाबा, असं ती फोनवर म्हणाली. मी बरीच कुरकुर केली. बायकोने फक्त बॅग भरली. ती बॅग आधीच अर्धी भरलेली होती, हे नंतर माझ्या लक्षात आलं.

लॉजवाल्याने आम्हाला ज्या जागी जेवायला पाठवलं, तिला धड पाटीही नव्हती. मासळीबाजाराच्या मागची गल्ली, रंग उडालेली निळी बाकं, टेबलांवर मेणकापड, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली यांच्या मधल्या भिंतीला एक खिडकी, तिच्यातून ताटं बाहेर सरकायची. मालक पूर्वी जहाजावर खलाशांचा स्वयंपाक करायचा, म्हणून सगळं गाव त्याला कप्तान म्हणायचं. जहाज हाकणारा राहिला बाजूला आणि भात शिजवणारा कप्तान झाला. मी त्याला मनातल्या मनात ढोल्या म्हणायचो, कारण पोट एवढं की चुलीपाशी तिरकं उभं राहिल्याशिवाय त्याचा हात पातेल्यापर्यंत पोचत नसे. वाढायला त्याची बहीण होती. तिला सगळे ताई म्हणत, आणि ती कुणालाही काही न विचारता वाढत सुटे.

त्या पहिल्या दुपारी आमचं जेवण होत आलं तेव्हा कप्तान पंच्याला हात पुसत बाहेर आला आणि त्याने माझ्या बायकोला विचारलं, "वहिनी, कसं झालंय?"

एवढंच विचारलं. आणि माझी बायको, जी घरी दिवसदिवस हो-नाहीवर काढते, ती बोलायला लागली. आंबटपणा चिंचेचा नाही, मागून येतो, तो कशाचा? मासा आधी धुरावर धरता का? कांदा ठेचलाय की चिरलाय? कप्तान खुर्ची उलटी करून बसलाच. किनाऱ्यावरच्या कुठल्याशा झाडाचं फळ वाळवून त्याची पूड घालतात, हे त्याने सांगितलं, वर ती पूड आणून तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती हुंगली, मला हुंगायला दिली. मला काही वास आला नाही. खरं म्हणजे आला, पण मी नाही म्हणालो.

जाताजाता बायकोने सांगूनही टाकलं की आमचे हे पण याच धंद्यातले. कप्तानाने माझा हात दोन्ही हातांत धरला, मला वस्ताद म्हणाला, कधीही आत या, आपलंच घर समजा म्हणाला. माणूस चांगला असला की त्याच्यावर जळणं फार अवघड जातं. पण मी जिद्द सोडली नाही.

आता आमच्या खानावळीची रीत सांगतो, म्हणजे माझ्या जिवाची काहिली का झाली ते कळेल. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते म्हणायचे, करणाऱ्याने चाखू नये, करणाऱ्याची जीभ करणाऱ्याच्याच बाजूने साक्ष देते. म्हणून मी माझं अन्न चाखत नाही. चाखते ती. पातेलं चुलीवरून उतरायच्या आधी मी पळी पुढे करतो. ती डाव्या हाताच्या पाठीवर थेंब घेते, त्याला जीभ लावते आणि एकच शब्द बोलते. एक तर "जमलंय", नाही तर "मीठ". मीठ म्हणाली की मी चिमूट टाकतो, पुन्हा पळी, पुन्हा थेंब, मग जमलंय. मीठ मी पहिल्यापासूनच हात आखडून घालतो, कारण कमी पडलं तर वाढवता येतं, जास्त पडलं तर पातेलं गटारात. तिने जमलंय म्हटल्याशिवाय माझ्या स्वयंपाकघरातून वाटी बाहेर गेलेली नाही, आणि तिने जमलंय म्हटल्यावर वाटी परत आलेली नाही.

मग ती मला वाढते, कारण मी दुकान उघडायच्या आधी जेवून घेतो. त्यानंतर ती गल्ल्यावर बसते. ती स्वतः जेवते दुपार कलल्यावर, गिऱ्हाईक उठल्यावर, ओट्याशी उभ्याउभ्या. खानावळवाल्यांच्या घरी असंच असतं, माझ्या आईचंही असंच होतं.

तर अशी ही बाई, जिच्या एका शब्दावर मी आयुष्यभर धंदा केला, तिने त्या ढोल्याला एका बैठकीत शंभर शब्द दिले. माझ्या वाट्याला इतकी वर्षं "जमलंय" आणि त्याच्या वाट्याला मिटलेले डोळे. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, पण इतकं?

दुसऱ्या दिवशी मी डाव टाकला. गावात आणखी खाण्याच्या जागा आहेत, एकाच ठिकाणी काय सारखं जायचं, असं म्हणून तिला बंदरावरच्या मोठ्या हॉटेलात नेलं. काचेची दारं, पांढरे टेबलक्लॉथ, ताटापेक्षा मोठं मेन्यूकार्ड. तिथला मासा सकाळचा तळलेला आणि दुपारी गरम केलेला होता, हे मी वासावरून ओळखलं आणि मनातून खूश झालो. तिने मुकाट्याने जेवण संपवलं आणि बाहेर आल्यावर म्हणाली, संध्याकाळी कप्तानाकडे जाऊ या.

संध्याकाळी मी डोकं दुखतंय म्हणालो. ती म्हणाली, मग तुम्ही पडा, मी जाऊन येते. डोकं दुखायचं लगेच थांबलं. मी तिच्या मागोमाग निघालो आणि जेवणभर कप्तानाच्या स्वयंपाकातल्या चुका मोजत बसलो. भात अंमळ मोकळा. रस्सा पातळ. मसाला नीट भाजलेला नाही, कडेला तेल सुटायच्या आधीच पाणी घातलंय. हे सगळं मी तिला दबक्या आवाजात सांगितलं. ती हो म्हणाली आणि तिने वाटी पुढे केली.

नंतर एक दिवस बोटीने पलीकडच्या बेटावर गेलो. तिथे वाळूत बसवून शिंपले भाजून देतात. ते खाताना ती लहान मुलीसारखी बोटं चाटत होती. म्हणजे तिला नुसता कप्तान आवडतो असंही नाही, तिला सगळंच आवडत होतं. जगातल्या सगळ्या चुली चांगल्या, एक माझी सोडून. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. परतीच्या बोटीत ती रेलिंगला टेकून म्हणाली, किती दिवसांनी पोट भरल्यासारखं वाटतंय. खानावळीच्या मालकिणीने असं म्हणावं. शेजारचा उतारू माझ्याकडे असा बघायला लागला, जसा काही मी तिला उपाशी ठेवतो.

त्याच बोटीत माझ्या मनाने घेतलं. परत निघायच्या आधी तिने एकदा माझ्या रश्श्यावर डोळे मिटले पाहिजेत. तिला कळता कामा नये की तो माझा आहे. कप्तानाचा म्हणून तिने खायचा, वाटी पुढे करायची, आणखी वाढा म्हणायचं, आणि मग मी बाहेर येऊन म्हणायचं, काय मग, कुणाच्या हातचं आहे?

शेवटच्या दिवशी सकाळी तिला सांगितलं की मी दाढी करून येतो, तू जेवणाच्या वेळेला परस्पर कप्तानाकडे जा. आणि मी तडक कप्तानाच्या मागच्या दाराने आत गेलो. त्याला वाटलं, निरोप घ्यायला आलो. मी म्हटलं, आज तुमच्या चुलीवर एक रस्सा करू द्या, तुमच्या वहिनींना मात्र सांगायचं नाही. माझ्या जागी कुणी असा आला असता तर मी त्याला झारा दाखवला असता. कप्तानाने आपला ॲप्रन काढून माझ्या गळ्यात घातला. त्याचे माझ्याभोवती दोन वेढे बसले.

मी जीव ओतला. मासा स्वतः बाजारातून निवडून आणला, कल्ले उघडून बघून. कांदा बदामी होईपर्यंत हललो नाही. मसाला असा भाजला की ताई बाहेरची गिऱ्हाइकं सोडून वास घ्यायला आत आल्या. कडेला तेल सुटलं तेव्हा मी कप्तानाकडे मुद्दाम बघितलं, आणि त्याने मान डोलावली. ती आंबट पूडही घातली, जरा कमीच, कारण ती त्याची होती. मीठ घातलं. झाकण ठेवलं. आणि मग खिडकीच्या कडेला अंग चोरून उभा राहिलो, पहिल्यांदा नाटकात काम करणाऱ्या पोरासारखा. इतकी लग्नं, इतक्या पंगती उठवल्या, पण कुणाच्या पहिल्या घासाची अशी वाट कधी पाहिली नव्हती.

ती आली. नेहमीच्या बाकावर बसली. ताईंनी ताट ठेवलं, वाफाळता भात, वाफाळता रस्सा. तिने पदर सावरला, वाटी जवळ ओढली. चमचा उचलला.

आणि चमचा तोंडाकडे गेलाच नाही. तिचा डावा हात आपसूक वर आला. हाताच्या पाठीवर तिने थेंब घेतला आणि जीभ लावली. मग खिडकीकडे न बघताच, अगदी घरच्या आवाजात म्हणाली,

"मीठ."

आणि वाटी टेबलाच्या कडेला सरकवून ठेवली.

माझ्या मागे कप्तानाने पातेल्यात पळी बुडवून चाखलं आणि तोंडावर पंचा धरला. हसू आवरताना त्याचं पोट गदागदा हलत होतं. मीठ खरंच कमी होतं, चांगलंच कमी होतं. मी घातलं होतं तेवढंच, जेवढं मी रोज घालतो, ती बाजूला उभी असते म्हणून. मी म्हणालो, तुमच्याकडचं मीठ जाड आहे, अंदाज आला नाही. नाचता येईना अंगण वाकडं, हे कप्तान तोंडाने म्हणाला नाही, एवढा त्याचा मोठेपणा.

"अहो, बाहेर या," ती म्हणाली. "दाढी झाली असेल तर."

मी तो दोन वेढ्यांचा ॲप्रन घालूनच बाहेर आलो आणि तिच्यासमोर उभा राहिलो. बाकीची गिऱ्हाइकं बघत होती. मी विचारलं, कसं ओळखलंस. तिने हाताची पाठ दाखवली. म्हणाली, मी नाही ओळखलं, हा हात वर गेला तेव्हा मला कळलं. मसाल्याचा वास आला आणि तो कामाला लागला.

मग माझं डोकंच फिरलं. इतके दिवस साठलेलं सगळं बाहेर पडलं. त्या पातळ रश्श्याच्या तू वाट्याच्या वाट्या रिचवतेस, परक्या माणसाशी तासतासभर बोलतेस, डोळे मिटतेस, आणि मी जन्मभर चुलीपुढे भाजून निघालो त्याचं काय? तुला माझ्या हातचं आवडत नाही हे एकदा सरळ सांगून टाक. हे मी भर खोलीत बोललो. ताईंनी वाढायचं थांबवलं. बायकोने शांतपणे ऐकून घेतलं. ती चिडली की आवाज चढवत नाही, खाली आणते.

"आवडतं की नाही मला कसं माहीत असणार? मी चाखलंय तुमचं. जेवलेय कधी?"

"रोज दुपारी काय करतेस मग?"

"दुपारी तुमचं नसतं ते. उरलेलं असतं."

मला सुचलं ते चुकीचंच. मी कप्तानाकडे बोट दाखवून विचारलं, मग याच्या रश्श्यात एवढं काय आहे? तिने कप्तानाकडे बघितलं, जरा संकोचली, आणि मग खरं ते सांगितलं.

"मसाला कच्चा राहतो त्यांचा. रस्साही पातळच. पण गरम होता, आणि मी बसले होते."

कप्तान खिडकीत कोपर टेकून सगळं ऐकत होता. मसाल्याचं ऐकून त्याचं तोंड उतरलं. इतक्या दिवसांत मला हवा होता तो निकाल भर खोलीत, साक्षीदारांसमोर, माझ्या बाजूने लागला होता. माझा मसाला त्याच्यापेक्षा चांगला, हे तिने स्वतः सांगितलं होतं. आणि मला त्याचा काडीचाही आनंद झाला नाही. मला ती ओट्याशी उभी दिसत होती, पातेलं तिरकं करून बुडाचा भात खरवडताना, आणि मी तिकडे वर्तमानपत्र वाचताना.

मी वाटी उचलली आणि आत गेलो. पातेल्यात चिमूटभर मीठ टाकलं. पळी भरली आणि सवयीने बाजूला धरली, तर बाजूला कप्तान. आम्ही दोघंही जरा वेळ त्या पळीकडे बघत राहिलो. मग मी गुरूंची माफी मागून स्वतःच चाखलं, आणखी चिमूट टाकली, रस्सा पुन्हा उकळी येईपर्यंत तापवला. नवी वाटी भरून मीच बाहेर नेली आणि तिच्यापुढे ठेवली.

तिने चमचा उचलला. डावा हात पुन्हा वर यायला लागला. मी तो धरला आणि मेणकापडावर दाबून ठेवला. चारचौघांत असा हात मी लग्नातसुद्धा धरला नसेल. तिने तो सोडवून घेतला नाही. उजव्या हाताने ती जेवायला लागली.

डोळे मिटले नाहीत तिने. एक घास, दुसरा घास, रश्श्यात भात कालवून तिसरा. मी तिच्या तोंडाकडे असा बघत होतो, जसा शिक्षा ऐकायला उभा असलेला माणूस बघतो. वाटी निम्मी झाली तेव्हा कप्तानाला राहवलं नाही. त्याने खिडकीतूनच विचारलं, वहिनी, कसं झालंय?

आणि ती बोलायला लागली. त्याच्याशीच, माझ्याशी नाही. म्हणाली, कांदा हे जरा जास्तच परततात, गोडसर होतो, मला तेवढा आवडत नाही. तिखट मात्र बरोबर आहे, घशाला लागत नाही. मासा फुटलेला नाही बघा, ही यांची खुबी, पातेलं हलवतात, पळी घालत नाहीत. मी तिथे बसून माझ्याच रश्श्याबद्दल पहिल्यांदा ऐकत होतो. कांद्याच्या बाबतीत मला भांडायचं होतं, जिभेच्या टोकावर आलं होतं.

मग तिने घासून पुसून संपवलेली वाटी उचलली.

"आणखी थोडा वाढा," ती म्हणाली.

मी ताडकन उठलो, पण माझा हात तिच्या हाताखाली अडकला होता. मघाशी मी तिचा धरला होता, आता तिने माझा धरला होता. तिने मला खाली ओढलं.

"तुम्ही पण जेवून घ्या."

"मी नंतर बसतो, तुझं होऊ दे," मी म्हणालो.

"नंतर उरलेलं मिळतं."

मी बसलो. ताईंनी माझ्यापुढे ताट ठेवलं. कप्तान पातेलं घेऊन बाहेर आला, तिच्या वाटीत रस्सा वाढला, मग माझ्या. वाढताना तो असा खुशीत होता, जसं काही सगळं त्यानेच रांधलंय, आणि ती त्याच्याकडे बघून हसली. माझा पुन्हा जळफळाट झाला. म्हटलं, जाऊ दे. पळी त्याच्या हातात होती, पण रस्सा माझा होता आणि तो गरम होता.